व्हिक्टोरियन चित्रांतील शोक आणि श्रद्धा कशी वाचावी

राणी व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली आणि १९०१ मध्ये वारली. या काळातील ब्रिटिश चित्रकारांनी मृत्यू, आणि त्याहूनही अधिक मृत्यूनंतर मागे उरलेली माणसे, हा विषय मनापासून हाताळला. आज ही चित्रे पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर ‘फारच रडवी चित्रे’ म्हणून तो पुढच्या दालनात जातो, नाही तर चित्रात कोणीतरी गेले आहे एवढे ओळखून थांबतो. दोन्ही वेळा चित्रकाराने महिनोन् महिने खपून मांडलेला मजकूर न वाचलेलाच राहतो. ही चित्रे त्या काळच्या लोकांनी अक्षरशः वाचली, आणि आपल्यालाही ती वाचता येतात. त्यासाठी कलेच्या इतिहासाची पदवी लागत नाही. एक वही, एक पेन्सिल, मराठी बायबलची एक प्रत आणि दर चित्रामागे निदान अर्धा तास एवढे पुरते. पुढे दिलेला क्रम मी स्वतः चित्रे पाहताना वापरतो आणि नवख्या मंडळींनाही तोच सुचवतो.

पहिली पायरी: आधी वस्तूंची यादी, मग भावना

सुरुवात एडविन लँडसीरच्या ‘द ओल्ड शेफर्ड्स चीफ मोर्नर’ या १८३७ मधील लहानशा चित्रापासून करावी. म्हाताऱ्या मेंढपाळासाठी सर्वांत जास्त शोक करणारा, असा या नावाचा अर्थ होतो. हे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असून त्याची चांगली छायाचित्रे इंटरनेटवर सहज सापडतात. छायाचित्र पडद्यावर मोठे करून ठेवा आणि ‘दुःख’, ‘निष्ठा’ यांसारखा एकही भाववाचक शब्द न लिहिता केवळ दिसणाऱ्या वस्तू वहीत उतरवा. एक अंधारी खोली आहे. साधी लाकडी शवपेटी आहे आणि तिच्यावर घोंगडी पसरलेली आहे. एक कुत्रा पेटीला छाती भिडवून, तिच्या कडेवर हनुवटी टेकवून बसला आहे. खाली काठी आणि टोपी पडली आहे. शेजारी एक बायबल आहे आणि त्याच्याजवळ चष्मा आहे.

आता यादीतील प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही वस्तू येथे या स्थितीत कशी आली? घोंगडी एका बाजूला ओढली गेली आहे, म्हणजे कुत्र्याने पेटीवर चढायचा प्रयत्न केला असावा. काठी आणि टोपी उचलून ठेवायला घरात कोणी नाही. चष्मा बायबलजवळ आहे, म्हणजे म्हाताऱ्याचे शेवटचे काम वाचनाचे होते, आणि पुस्तक मिटल्यावर ते कोणी जागचे हलवलेले नाही. समीक्षक जॉन रस्किन याने ‘मॉडर्न पेंटर्स’ या ग्रंथाच्या १८४३ मधील पहिल्या खंडात या चित्राचे असेच वस्तूगणिक वर्णन केले आहे आणि त्या चष्म्यातून मेंढपाळाचे आयुष्य किती एकाकी होते हे कळते, असे म्हटले आहे. मी हे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझे सगळे लक्ष कुत्र्याकडे गेले आणि चष्मा नजरेतून सुटला. दुसऱ्यांदा तो दिसला आणि चित्राचा विषय बदलला. कुत्र्याची माया तर त्यात आहेच, पण ज्या माणसाला शेवटच्या दिवसांत एका ग्रंथाचीच सोबत होती आणि ज्याच्या मयताला एकही माणूस नाही, त्याच्या विश्वासाचे काय झाले, असाही प्रश्न हे चित्र विचारते. शोक आणि श्रद्धा एकाच चौकटीत कशी बसतात, हे येथे पहिल्याच पायरीवर हाती लागते.

दुसरी पायरी: पुरलेल्या देहाचा अर्थ समजून घ्या

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी दहन होते, अस्थी नदीत किंवा समुद्रात विसर्जित होतात आणि दहावे-तेरावे झाले की देहाशी असलेला संबंध संपतो. मागे राहिलेला अस्थींचा तुकडा आपल्या मनात कोणताही धर्मशास्त्रीय पेच उभा करत नाही. व्हिक्टोरियन ख्रिस्ती माणसाची गोष्ट वेगळी होती. देह मातीत ठेवायचा, तो तेथे वाट पाहतो आणि शेवटच्या दिवशी ख्रिस्ताच्या हाकेने उठतो, ही त्याच्या धर्माची मध्यवर्ती शिकवण होती. त्यामुळे थडगे ही केवळ आठवणीची जागा नव्हती, ती प्रतीक्षेची जागा होती. चित्रात कबर उकरलेली दिसली, हाडे वर आलेली दिसली किंवा थडग्याची शिला झुकलेली दिसली, की त्या काळच्या प्रेक्षकाच्या मनात थेट या शिकवणीलाच धक्का लागत असे.

त्यातच मृत्यू घरोघरी होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १५० बाळे पहिल्या वाढदिवसापूर्वी जात, आणि शतक संपेपर्यंत हे प्रमाण फारसे उतरले नाही. चित्रासमोर उभ्या राहिलेल्या बाईने किंवा पुरुषाने स्वतःचे मूल पुरलेले असण्याची शक्यता मोठी होती. ही गोष्ट मनाशी ठेवली की ‘रडवी चित्रे’ हा शेरा आपोआप मागे पडतो.

तिसरी पायरी: काळ्या रंगाच्या पायऱ्या ओळखा

आपल्याकडे सुतकाचे दिवस मोजले जातात. तिकडे कपड्याचा रंग आणि पोत मोजला जाई. नवरा वारलेल्या बाईने पहिले वर्षभर चमक नसलेले काळे क्रेप कापड घालायचे, मग हळूहळू क्रेप कमी करायचे, आणि दोन-अडीच वर्षांच्या शेवटच्या टप्प्यात राखाडी किंवा फिकट जांभळ्या रंगापर्यंत यायचे, असा संकेत होता. दागिनेही चमकणारे चालत नसत, म्हणून यॉर्कशरमधील व्हिटबी येथे मिळणाऱ्या जेट नावाच्या काळ्या द्रव्याचे दागिने घडत, किंवा गेलेल्या माणसाचे केस गुंफून लॉकेटमध्ये ठेवले जात. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ मध्ये केवळ शोकवस्त्रे विकणारे मोठे दुकान सुरू झाले, यावरून या व्यवहाराचा पसारा लक्षात यावा. १४ डिसेंबर १८६१ रोजी प्रिन्स अल्बर्ट वारल्यावर राणीने मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, काळी वस्त्रे उतरवली नाहीत. तिचे उदाहरण देशाच्या डोळ्यांसमोर होते खरे, पण हे संकेत तिच्या आधीपासूनचे आहेत, हे विसरू नये.

चित्रात काळा रंग दिसला की तो नुसता कपडा आहे की शोकवस्त्र, हे पाहावे, आणि त्यासाठी सर्वांत सोपी खूण म्हणजे पत्राची काळी कड. रिचर्ड रेडग्रेव्हच्या ‘द गव्हर्नेस’ या १८४४ मधील चित्रात काळ्या पोशाखातील तरुण शिक्षिका एकटी बसली आहे, तिच्या हातात काळ्या कडेचे पत्र आहे आणि पियानोवर ‘होम, स्वीट होम’ या गाण्याचे कागद आहेत. तिच्या विद्यार्थिनी मात्र मागे उन्हात खेळत आहेत. जॉर्ज एल्गर हिक्सच्या १८६३ मधील ‘कम्पॅनियन ऑफ मॅनहूड’मध्ये नवऱ्याने डोळ्यांवर हात घेतला आहे, दुसऱ्या हातात तसेच पत्र आहे आणि बायको त्याला सावरते आहे. दोन्ही चित्रांत प्रेत नाही, थडगे नाही. कागदाच्या एका काळ्या रेघेवर सगळी कथा उभी आहे, आणि ती रेघ न ओळखणाऱ्याला चित्र कळणे अशक्य आहे.

चौथी पायरी: नावातले वचन शोधा आणि पूर्ण अध्याय वाचा

या पायरीला मराठी बायबल लागते. पुष्कळ चित्रांची नावे वचनांतून घेतलेली असतात आणि ती वचने त्या काळी लोकांना तोंडपाठ होती. आपल्याला ती शोधावी लागतात, पण त्यात एक फायदाही आहे: सवयीने बोथट झालेले शब्द आपल्याला ताजे भेटतात.

फ्रँक हॉलच्या १८६८ मधील चित्राचे नाव असेच लांबलचक आहे: परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, त्याच्या नावाचा जयजयकार असो. हे वचन ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील आहे. चित्रात एका साध्या घरात, घरातले माणूस गेल्यानंतर उरलेली मंडळी जेवणाच्या टेबलाभोवती जमली आहेत आणि धर्मोपदेशकाच्या वेशातील तरुण उभा राहून प्रार्थना म्हणतो आहे. चित्र पाहिल्यावर आधी पहिला अध्याय वाचा. ईयोबाची गुरे गेली, सात मुलगे आणि तीन मुली एका दिवसात गेल्या, आणि त्यानंतर हे वाक्य त्याच्या तोंडून निघाले. मग तिसरा अध्याय वाचा. तेथे तोच ईयोब स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. हे दोन अध्याय मनात घेऊन पुन्हा चित्राकडे या. प्रत्येक चेहऱ्यासमोर उभे राहून विचारा, की या माणसाच्या मनात पहिला अध्याय चालू आहे की तिसरा? उभा असलेला तरुण वचन उच्चारतो आहे. बसलेल्या सगळ्यांना ते पटते आहे असे मला वाटत नाही, आणि या चित्राची ताकद मला त्यातच दिसते.

हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात गाजले. ते विकत घ्यावे अशी खुद्द राणीची इच्छा होती, पण ते आधीच दुसऱ्याला दिलेले होते. म्हणून तिने हॉलकडून ‘नो टायडिंग्ज फ्रॉम द सी’ हे कोळ्याच्या घरातील शोकाचे दुसरे चित्र काढवून घेतले, ते १८७० मधले. पहिले चित्र आज लंडनच्या गिल्डहॉल कलादालनात आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम टिपून ठेवा, कारण ती पुढच्या चित्रात लागेल. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात दफनविधी सुरू होतो तो ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ या योहानाच्या शुभवर्तमानातील वचनाने, आणि त्याच सुरुवातीच्या वचनांत ईयोबाचे हे वाक्यही येते. म्हणजे ही वाक्ये प्रेक्षकांनी पुस्तकात वाचली होतीच, शिवाय पेटी मागे चालताना कबरीच्या दिशेने कानांवर घेतली होती.

पाचवी पायरी: शंकेसमोर सर्वांत जास्त वेळ थांबा

एकच चित्र पाहायला वेळ असेल तर मी हेन्री अलेक्झांडर बोलरचे ‘द डाउट’, म्हणजे ‘शंका’, हे चित्र निवडीन. बोलर हा पेशाने कलाशिक्षक. त्याचे हे चित्र १८५५ मध्ये प्रदर्शित झाले आणि आता ते टेट या ब्रिटनच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहे. या चित्रामागे इंग्रज कवी टेनिसनची ‘इन मेमोरियम’ ही १८५० मध्ये प्रसिद्ध झालेली दीर्घ कविता आहे. आर्थर हॅलम हा टेनिसनचा जिवलग मित्र १८३३ मध्ये व्हिएन्ना येथे अचानक वारला, आणि त्या दुःखातून निघालेली ही कविता सतरा वर्षांनी छापली गेली. तिच्यात कवी कधी देवाला धरून राहतो, कधी निसर्गाच्या निर्दयपणापुढे हतबल होतो, आणि ही धरसोड लपवत नाही.

चित्र असे आहे. एका चर्चच्या आवारातील दफनभूमीत एक तरुण स्त्री थडग्याच्या उभ्या शिलेवर हात टेकवून पुढे वाकली आहे. तिच्यासमोर जमीन उकरली गेली आहे आणि त्यातून एक कवटी व काही हाडे वर आली आहेत. ती त्या कवटीकडे पाहते आहे. शिलेवर मृताचे नाव जॉन फेथफुल असे आहे. त्याचे आडनावच ‘श्रद्धावान’ या अर्थाचे आहे. नावाखाली ते दफनविधीचे वचन कोरलेले आहे: पुनरुत्थान व जीवन मीच आहे. कवटीवर एक निळे फुलपाखरू बसले आहे. शेजारच्या शिलेवर ‘रिसर्गाम’ हा लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ ‘मी पुन्हा उठेन’. आणि त्याच शिलेवर हॉर्स चेस्टनटची एक बी पडून तिला कोंब फुटला आहे.

नवखा वाचक येथे घाई करतो. फुलपाखरू म्हणजे आत्मा, कोंब म्हणजे नवे जीवन, शिलेवर आश्वासन आहेच, म्हणजे शंकेचे उत्तर मिळाले, असा हिशेब तो मांडतो. हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. चित्राच्या नावाचा उरलेला भाग पाहा: या सुकलेल्या हाडांना पुन्हा जीव येईल काय? हा प्रश्न यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायातला आहे. तो अध्याय उघडा. देव संदेष्ट्याला हाडांनी भरलेल्या खोऱ्यात नेतो, हा प्रश्न विचारतो, संदेष्टा म्हणतो की हे तूच जाणतोस, आणि मग हाडे खडखडत एकत्र येतात, त्यांवर मांस चढते, ती उठून उभी राहतात. बोलरने या अध्यायातून फक्त प्रश्न उचलला आणि उत्तर मागे ठेवले. चित्रातील हाडे हललेली नाहीत. कोंब फुटला आहे तो बीला, हाडाला नाही. फुलपाखरू उडून जाईल. आणि बाईची नजर या दोन्हींकडे नाही. उत्तराच्या खुणा तिच्या अवतीभवती पसरलेल्या आहेत, त्या आपल्याला दिसतात, तिला दिसतात की नाही हे चित्रकार सांगत नाही.

१८५५ हे वर्षही लक्षात घ्या. चार्ल्स लायेलच्या भूशास्त्रावरील ग्रंथाने १८३० ते १८३३ या काळात पृथ्वीचे वय सामान्य वाचकाच्या कल्पनेपलीकडे नेले होते. ३० मार्च १८५१ रोजी झालेल्या धर्मविषयक गणनेतून लोकसंख्येचा फार मोठा भाग त्या रविवारी कोणत्याच प्रार्थनेला गेला नव्हता असे उघड झाले आणि धर्मनिष्ठ इंग्लंड हादरले. डार्विनचा ग्रंथ यायला अजून चार वर्षे होती. शंका डार्विनने आणली असे सरधोपट सांगितले जाते. हे चित्र ते खोडून काढते.

या चित्रासाठी वहीत दोन पाने ठेवा. एका पानावर चित्रातील आश्वासनाच्या खुणा लिहा, दुसऱ्यावर शंकेच्या. काही खुणा दोन्ही पानांवर जाव्यात असे वाटेल. त्या खुशाल दोन्हीकडे लिहा.

सहावी पायरी: ऑक्सफर्डमधला एक दिवस

प्रवासाने किंवा शिक्षणाच्या निमित्ताने इंग्लंडात असणाऱ्या मराठी वाचकांसाठी ही पायरी सोयीची आहे, कारण एका गावात चालत जाण्याच्या अंतरावर श्रद्धेचे एक आणि शोकाचे एक अशी दोन महत्त्वाची चित्रे आहेत.

कीबल कॉलेजच्या चॅपेलमध्ये विल्यम होल्मन हंटचे ‘द लाइट ऑफ द वर्ल्ड’ आहे, १८५१ ते १८५३ या काळात रंगवलेले. रात्रीच्या वेळी हातात कंदील घेतलेला ख्रिस्त एका बंद दारावर थाप देतो आहे. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातील विसावे वचन त्यामागे आहे: पाहा, मी दाराशी उभा आहे. दाराकडे नीट पाहा. त्यावर वेली माजल्या आहेत, उंबऱ्याशी रान वाढले आहे, जमिनीवर सफरचंदे पडली आहेत, आणि दाराला बाहेरून मूठ नाही; ते आतूनच उघडू शकते. प्रेक्षकांना याचा उलगडा होईना, तेव्हा १८५४ मध्ये रस्किनने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून प्रत्येक खूण समजावून सांगितली. म्हणजे मार्गदर्शकाची गरज त्या काळच्या लोकांनाही पडत होती. हंटने उतारवयात याची मोठी आवृत्ती केली. ती १९०५ ते १९०७ या काळात कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत फिरवली गेली आणि आता लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आहे.

तेथून अॅशमोलियन संग्रहालयात जा आणि आर्थर ह्यूजचे ‘होम फ्रॉम सी’ शोधा. समुद्रावरून परतलेला एक पोरगा खलाशी चर्चच्या आवारात ताज्या कबरीवरच्या गवतात पालथा पडला आहे. त्याचे गाठोडे बाजूला आहे. काळ्या वस्त्रांतील बहीण त्याच्याशेजारी बसली आहे. आई गेली तेव्हा तो दूर होता. १८५७ मध्ये ‘आईची कबर’ या नावाने हे चित्र दाखवले गेले तेव्हा त्यात बहीण नव्हती. ह्यूजने ती नंतर घातली. अंगठ्याने बहिणीची आकृती झाकून चित्र पाहा आणि मग अंगठा काढा. एकट्याचे दुःख आणि कोणाच्या तरी सोबतीचे दुःख यांतला फरक सांगायला मला याहून सोपा मार्ग सापडलेला नाही. कबरीवर शिला नाही, वचन नाही, नुसती माती आणि गवत आहे. पण झाडांतून ऊन आले आहे, आणि गवताची पाती एकेक करून रंगवली आहेत.

सातवी पायरी: पंथांचा वाद डोळ्यांआड करू नका

ख्रिस्ती म्हटले की सगळे एक, असे आपण दुरून समजतो. इंग्लंडात प्रॉटेस्टंट बहुसंख्य होते, आणि पोपने १८५० मध्ये तेथे रोमन कॅथलिक धर्मप्रांतांची रचना पुन्हा उभी केल्यावर मोठा गदारोळ झाला. त्यामुळे चित्रात नन दिसली की अनेकांच्या कपाळाला आठी पडे. जॉन एव्हरेट मिलेच्या ‘द व्हेल ऑफ रेस्ट’मध्ये, म्हणजे १८५९ मध्ये प्रदर्शित झालेल्या आणि आता टेटमध्ये असलेल्या चित्रात, संधिप्रकाशात दोन नन आहेत. एक कबर खणते आहे, तिचे बाही सरसावलेले हात कष्टकरी बाईचे आहेत. दुसरी बसून थेट आपल्याकडे पाहते आहे. तिच्या जपमाळेला छोटी कवटी आहे. वर आकाशात शवपेटीच्या आकाराचा ढग आहे. कबर कोणासाठी, हे सांगितलेले नाही, आणि त्या नजरेपुढे उभे राहिल्यावर ती आपल्यासाठी असावी असे वाटू लागते. तत्कालीन टीकाकारांनी या चित्राची टर उडवली. माझ्या मते ते मिलेच्या उत्तम चित्रांपैकी एक आहे.

आठवी पायरी: जिथे कोणी मेलेले नाही तिथेही पाहा

विल्यम डाइस हा धर्मनिष्ठ चित्रकार. त्याचे ‘पेगवेल बे’ हे चित्र वरवर पाहता सुटीतल्या कुटुंबाचे आहे. ओहोटी लागलेल्या किनाऱ्यावर त्याच्याच घरातील बायका आणि मुलगा शिंपले वेचत आहेत. तारीख नावातच दिली आहे, ५ ऑक्टोबर १८५८. मागे झिजलेले खडूचे कडे, त्यांचे थर स्पष्ट. आणि वर मावळतीच्या आकाशात बारीक, जेमतेम दिसणारा डोनाटीचा धूमकेतू. कोणीही वर पाहत नाही, कोणी एकमेकांशी बोलतही नाही. पृथ्वीचे अफाट वय कड्यात, विश्वाचे अफाट अंतर धूमकेतूत, आणि मध्ये शाली लपेटून उभी असलेली माणसे. चर्च नाही, क्रूस नाही, वचन नाही. श्रद्धेच्या चित्रांच्या मालिकेत हे चित्र मुद्दाम ठेवून पाहावे.

नववी पायरी: शोक कोणाचा, हे विचारा

हा प्रश्न आपल्याला जवळचा आहे. जोसेफ नोएल पेटनने १८५८ मध्ये रॉयल अकॅडमीत ‘इन मेमोरियम’ नावाचे चित्र मांडले. १८५७ च्या उठावात सापडलेल्या इंग्रज स्त्रिया आणि मुले एका तळघरात एकमेकांना बिलगून आहेत, मधली स्त्री वर नजर लावून आहे, आणि दारातून शिपाई आत घुसत आहेत. कानपूरच्या बातम्यांनी पेटलेल्या लंडनला ते सहन झाले नाही. ओरड झाली आणि पेटनने शिपाई पुसून त्यांच्या जागी सुटकेला आलेले स्कॉटिश हायलँडर सैनिक रंगवले. शोकचित्र एका रात्रीत नव्हे, पण काही ब्रशफटकाऱ्यांत सुटकेचे चित्र झाले. त्या कानपुरात नानासाहेब पेशव्यांचे नाव गोवले गेले होते आणि नंतरच्या सूडात असंख्य हिंदुस्थानी माणसे मारली गेली. त्यांच्यासाठी या चित्रात जागा नाही. मारल्या गेलेल्या स्त्रिया आणि मुले खरी होती आणि त्यांचा शोकही खरा होता, हे मान्य करून मग चौकटीबाहेर कोण राहिले हे विचारावे. हाच प्रश्न इतर चित्रांनाही लावता येतो: नोकर, गरीब, अनौरस मूल यांचा शोक चित्रात आला का, आणि आला तर कोणी विकत घेतला?

दहावी पायरी: शतकाच्या अखेरीकडे या

शेवटी दोन चित्रे शेजारी ठेवा, दोन्ही टेटमधली. फ्रँक ब्रॅम्लीचे १८८८ मधील ‘अ होपलेस डॉन’ कॉर्नवॉलमधील न्यूलिन या मच्छीमार गावातले आहे. रात्रभर वाट पाहून झाली आहे, खिडकीतली मेणबत्ती विझली आहे, बाहेर समुद्र खवळलेला आहे, तरुण बायको म्हाताऱ्या सासूच्या मांडीवर कोसळली आहे. शेजारी बायबल उघडे आहे, आणि पांढरे कापड घातलेले टेबल वेदीसारखे दिसते. ल्यूक फिल्ड्सच्या १८९१ मधील ‘द डॉक्टर’मध्येही पहाट आहे. एका झोपडीत दोन वेगवेगळ्या खुर्च्या जोडून त्यांवर आजारी मूल निजवले आहे. मागे आईने टेबलावर डोके टाकले आहे, बापाचा हात तिच्या खांद्यावर आहे, आणि डॉक्टर हनुवटीला हात लावून मुलाकडे एकटक पाहतो आहे. फिल्ड्सचा स्वतःचा मुलगा १८७७ मध्ये गेला होता. लँडसीरच्या खोलीत चष्म्याजवळ जो ग्रंथ होता, त्याची जागा येथे औषधाच्या बाटलीने घेतली आहे. डॉक्टरच्या हातातही या क्षणी करण्यासारखे काही उरलेले नाही, तो फक्त बसून राहिला आहे.

मुंबईत सराव करायचा असेल तर

इंग्लंडला जाणे सगळ्यांना शक्य नाही, पण शोकाची ही भाषा दगडात आणि संगमरवरात आपल्याकडेही आहे. फोर्टमधील सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये भिंतीभिंतींवर स्मृतिशिला आहेत. वही घेऊन एकेक शिला वाचा: वय किती, कशाने गेले, शिला कोणी बसवली, कोणते वचन निवडले. कुलाब्याचे अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ उभारले गेले आणि १८५८ मध्ये त्याचे धार्मिक उद्घाटन झाले, म्हणजे पेटनचे चित्र लंडनमध्ये लागले त्याच वर्षी. त्याच्या अंतर्भागाच्या सजावटीत विल्यम बटरफील्डचा हात आहे, आणि कीबल कॉलेज बांधणारा वास्तुकार तोच. प्रार्थना चालू नसेल अशा वेळी जावे, आत बोलणे टाळावे, आणि छायाचित्रे घेण्याआधी तेथील माणसाला विचारावे. चित्रांसाठी परदेशी संग्रहालयात जाणार असाल तर ते चित्र त्या दिवशी भिंतीवर आहे का, हे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आधी तपासा, कारण चित्रे उसनी जातात, दुरुस्तीसाठी उतरवली जातात, आणि बोलरचे चित्र तर बऱ्याचदा साठवणीत असते.